हात थरथरले तरी बैठक घ्यायचीच

नव्यानं जबाबदारी अंगावर आलेल्या वाचकांकडून या महिन्यासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत कामाच्या अडचणी कमी आणि भीतीच जास्त होती : बोलण्याची, कुणाला चुकीबद्दल सांगण्याची, निर्णय घेण्याची, उघडं पडण्याची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी टीम लीडर झालो. काम मला येतं, त्यात शंका नाही. पण वरिष्ठांसमोर आढावा मांडायचा म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो. आवाज कापतो, हात थरथरतात. दोन वेळा तब्येतीचं कारण सांगून सहकाऱ्याला पुढे केलं. आता लोक त्यालाच लीडर समजायला लागलेत. आत्मविश्वास कसा वाढवू?

उत्तर : आत्मविश्वासाचं तूर्त राहू द्या. आधी तो येतो आणि मग माणूस बोलायला लागतो असं होत नाही, क्रम उलटा आहे. तुमचं घोडं पेंड खातंय ते दुसरीकडेच. ‘तब्येत बरी नाही’ असं कळवल्यावर जे हायसं वाटतं, तेच भीतीला पोसतं. मनात हिशेब होतो : टाळलं म्हणून वाचलो, म्हणजे धोका खराच होता. टाळण्यामुळे भीती टिकून राहते, हे मानसशास्त्रज्ञ मॉवरर यांनी १९४७ सालीच मांडलं होतं. दोनदा टाळल्यामुळे तिसरी वेळ पहिलीपेक्षा जड जाणार, हे धरून चला.

उपाय पायऱ्या-पायऱ्यांनी चढण्याचा. वर्तनोपचारात भीती मोजायला ० ते १०० अशी मोजपट्टी वापरतात : ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे सहन होणार नाही इतकी. कागदावर बोलण्याचे सात-आठ प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला आकडा द्या. यादी साधारण अशी होईल : दुसऱ्यानं घेतलेल्या मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारणं, ३०. स्वतःच्या टीमसमोर उभं राहून पाच मिनिटं आठवड्याचं काम सांगणं, ४०. तेच शेजारच्या विभागासमोर, ५५. एका वरिष्ठाला त्यांच्या केबिनमध्ये आकडे समजावणं, ६५. आढाव्यातला एकच भाग मांडणं, ७५. सगळा आढावा आणि त्यावरचे प्रश्न, ९०. सुरुवात ३०-४० च्या प्रसंगापासून करा. एकेक पायरी निदान तीनदा चढायची, आठवड्यातून दोनदा तरी. महिन्यातून एकदा केलेलं धाडस फारसं उपयोगाचं नसतं, मधल्या दिवसांत भीती परत आपल्या जागी येऊन बसते.

दर वेळी आधी एक ओळ लिहा : नेमकं काय होईल असं वाटतंय? ‘फजिती होईल’ हे चालणार नाही, कारण ते तपासता येत नाही. ‘मध्येच शब्द सुचणार नाहीत, मी अर्धा मिनिट गप्प उभा राहीन आणि निदान दोघं तरी हसतील’, असं लिहा. नंतर खाली दुसरी ओळ : प्रत्यक्षात काय झालं. बदल घडतो तो या दोन ओळींमधल्या फरकातून. नुसतं ‘बोलून आलो, सुटलो’ म्हणून वही मिटली, तर पुढच्या वेळी मन त्याच जागी सापडतं.

यात बिघाड कुठे होतो तेही सांगतो. पहिला, थेट ९० च्या पायरीवर उडी. ती फसते आणि ‘हे माझ्यानं होणारच नाही’ यावर शिक्का बसतो. दुसरा, भीती शून्यावर येण्याची वाट बघणं. ती येत नाही, यायची गरजही नाही. ७० वरून ४० वर आली तरी पुढची पायरी घ्या. तिसरा जास्त चोरटा : आधाराच्या सवयी. स्लाइड शब्दन् शब्द वाचून दाखवणं, झपाझप बोलून मोकळं होणं, एकाच ओळखीच्या चेहऱ्याकडे बघत राहणं. यांच्या जोरावर मीटिंग पार पडते खरी, पण श्रेय आधाराला जातं, तुम्हाला नाही. पायरी पक्की होत आली की यातली एकेक सवय सोडत जा.

थरथरीसाठी काही साध्या गोष्टी आहेत. सुटा पातळ कागद हातात धरू नका, बोटांचं बारीक कंपन कागदाच्या कडेला कितीतरी मोठं होऊन दिसतं. मुद्दे जाड कार्डावर लिहा किंवा वही टेबलावर ठेवा. लेझर पॉइंटर तर अजिबात नको. पडद्यावर नाचणारा तो लाल ठिपका जी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नसती ती सगळ्यांना दाखवतो. पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला नको, अर्धाच ठेवा. बोलण्याआधी पाच मिनिटं श्वास मंद करा : चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. त्याच वेळी ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावू नका. ॲलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी उत्साहात आहे’ असं मोठ्यानं म्हणून भाषणाला उभे राहिलेले लोक ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं बोलले. कारण उघड आहे. छाती धडधडत असताना शांततेची सोंगं शरीराला पटत नाहीत. उत्साहातही छाती धडधडतेच, त्यामुळे ते पटतं.

आणखी एक. तुम्हाला आतून जेवढं कापल्यासारखं होतं, तेवढं समोरच्याला दिसत नाही. सॅविट्स्की आणि गिलोविच यांच्या २००३ सालच्या अभ्यासात एवढी एकच गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणं श्रोत्यांनाही जास्त चांगली वाटली. म्हणून ‘माफ करा, मी जरा घाबरलोय’ अशी सुरुवात करू नका. तुम्ही सांगेपर्यंत ते बहुतेकांना कळलेलं नसतं.

तयारी : पहिली तीन वाक्यं पाठ, बाकीचे फक्त मुद्दे. सगळं भाषण पाठ केलं आणि एक शब्द निसटला की पुढचं सगळं घसरतं. तालीम मनात नको. उभं राहून, मोठ्यानं, निदान तीनदा करा. तुमच्या त्या सहकाऱ्याचा प्रश्नही यातच सुटेल. पुढच्या आढाव्याला सुरुवात आणि शेवट तुम्ही करा, मधला एक भाग त्याला द्या आणि तसं आधी जाहीर करा. मग तो तुमच्या जागी उभा राहिलेला दिसणार नाही, तुम्ही नेमलेला दिसेल.

प्रश्न : माझ्या टीममध्ये एक गृहस्थ आहेत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी अनुभवी. मी नवीन असताना काम त्यांनीच शिकवलं, आजही मी त्यांना ‘सर’च म्हणते. हल्ली त्यांचे रिपोर्ट उशिरा येतात आणि चुकांनी भरलेले असतात. सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून रात्री बसून मीच दुरुस्त करते. टीममधले बाकीचे आता कुजबुजायला लागलेत.

उत्तर : सर म्हणणं सोडू नका. आदर आणि काम यांत भांडण लावायचं काही कारण नाही. सोडायचं आहे ते रात्रीचं दुरुस्तीकाम. कारण त्या दुरुस्तीमुळे सरांना आपल्या चुका दिसतच नाहीत. त्यांच्या दृष्टीनं रिपोर्ट गेला, चालला, विषय संपला. तुम्ही मूग गिळून बसलात तर टीम त्याचा अर्थ एकच लावेल : इथे नियम माणूस बघून लागतात.

पुढचा रिपोर्ट चुकला की दोन दिवसांच्या आत बोला. महिनाभर साठवलेली यादी एकदम बाहेर काढली की ती तक्रार न वाटता सूड वाटते. वेळ १५ ते २० मिनिटांची, दार बंद, मध्ये टेबल नसेल तर बरं. मेसेजवर किंवा ईमेलवर हे करू नका. लिहिलेल्या वाक्याचा सूर वाचणारा ठरवतो आणि दुखावलेला माणूस तो नेहमी वाईटच ठरवतो. दिवसअखेरीची वेळही टाळा, माणूस रात्रभर तेच घोळवत बसतो.

पहिल्या अर्ध्या मिनिटात मुद्दा यायला हवा. नमनाला घडाभर तेल घातलंत तर तेवढ्या वेळात तुमचाच धीर सुटेल. वाक्य असं जुळवा : काय घडलं, त्यामुळे काय झालं, आणि मग प्रश्न. ‘सर, सोमवारचा रिपोर्ट बुधवारी आला आणि तिसऱ्या तक्त्यातल्या दोन बेरजा चुकल्या होत्या. त्यामुळे ग्राहकाला आपल्याला दुसऱ्यांदा कळवावं लागलं. काय अडचण होते आहे?’ एवढं बोलून गप्प बसा. पुढचे पाच-सहा सेकंद फार लांब वाटतात आणि बहुतेक जण तिथेच माती खातात : शांतता सहन होत नाही म्हणून स्वतःच ‘म्हणजे तसं फार काही नाही हो सर’ म्हणून टाकतात. मनात सहापर्यंत मोजा. ‘तुम्ही नेहमी’, ‘तुम्ही कधीच’ हे शब्द वाक्यात आले की चर्चा रिपोर्टवरून स्वभावावर जाते आणि तिथून परत येत नाही. ‘सगळे म्हणतात’ हेही नको, टीममधल्या कुजबुजीचा उल्लेख चुकूनही करू नका.

आधी स्तुती, मग चूक, मग पुन्हा स्तुती, असा एक उपाय बऱ्याच प्रशिक्षणांत शिकवला जातो. आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे. ऐकणाऱ्याला एक तर स्तुतीच लक्षात राहते, नाहीतर पुढच्या वेळी खरी स्तुती ऐकली तरी तो मधल्या वाराची वाट बघत बसतो. सरांनी तुम्हाला शिकवलं याबद्दल मनात कृतज्ञता असेल तर ती वेगळ्या दिवशी, एकटी सांगा.

उत्तरं साधारण तीन प्रकारची येतील. ‘आता तू मला शिकवणार?’ असं आलं तर : ‘काम मी तुमच्याकडूनच शिकले, सर. पण हा रिपोर्ट वेळेत आणि बिनचूक जाणं ही आज माझी जबाबदारी आहे.’ वाद घालू नका, हेच वाक्य लागल्यास पुन्हा म्हणा. ‘चुका दुसऱ्या विभागाच्या आकड्यांत असतात’ असं आलं तर : ‘बरं, शेवटचे तीन रिपोर्ट घेऊन आत्ताच बघूया’, आणि ते खरोखर सोबत ठेवलेले असू द्या. तिसरं उत्तर अनपेक्षित असतं : डोळ्यांना त्रास होतोय, नवीन सॉफ्टवेअर जमत नाही, घरी आजारपण आहे. असं निघालं तर तोडगा लगेच काढायची घाई नको. ‘काय मदत लागेल ते उद्यापर्यंत ठरवून सांगा, मी माझ्याकडून काय होईल ते बघते’ एवढंच पुरे.

उठण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवा : पुढचा रिपोर्ट कधी येणार, आणि पुन्हा कधी बसायचं. दोन आठवड्यांपेक्षा लांबची तारीख नको. आणि हे आधीच सांगून टाका की यापुढे चुका सापडल्या तर रिपोर्ट परत येईल, तुम्ही दुरुस्त करणार नाही. हे न सांगता अचानक दुरुस्ती थांबवली तर तो त्यांना डाव वाटेल, आणि वाटलं तर त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. जाण्यापूर्वी हा सगळा संवाद कुणाबरोबर तरी दोन-तीनदा करून बघा, मात्र समोरच्याला मुद्दाम खवट उत्तरं द्यायला सांगा. गोड उत्तरांची तालीम वाया जाते.

प्रश्न : निर्णय घ्यायची वेळ आली की मला आणखी माहिती हवी असते. मग आणखी. टीम म्हणते, साहेबांकडे फाईल गेली की तिचं भिजत घोंगडं होतं. चूक झाली तर नाव माझंच येणार ना?

उत्तर : येणार. पण उशिराचं बिलही तुमच्याच नावावर फाटतं, फक्त त्यावर तारीख नसल्यामुळे ते दिसत नाही. आधी एवढं तपासा : हा निर्णय मागे घेता येतो का? कामाची पाळी बदलणं, नव्या पद्धतीची एका गटावर चाचणी घेणं, बैठकीची वेळ, अहवालाचा नमुना, हे सगळं आठवड्याभरात फिरवता येतं. अशा निर्णयांना एक दिवस द्या, फार तर दोन. माणसाला कामावरून काढणं, लांब मुदतीचा करार, सुरक्षिततेशी संबंधित बदल हे परत फिरत नाहीत, तिथे तुमची सावधगिरी गुण ठरेल. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१६ सालच्या पत्रात एक अंदाज दिला आहे : हवी असलेली माहिती साधारण ७० टक्के हाती आली की बहुतेक निर्णय घ्यावेत, ९० टक्क्यांची वाट बघणारा बहुधा उशीर करतो. आकडा काटेकोर मानू नका, पण घाबरलेला माणूस नेहमी १०० मागतो, हे ओळखायला तो बरा पडतो.

अधिक माहिती मागवण्यापूर्वी कागदावर हे लिहा : ‘अमुक उत्तर आलं तर मी हो म्हणेन, तमुक आलं तर नाही.’ दोन्हीकडे एकच उत्तर येत असेल, तर ती माहिती निर्णयासाठी नाही, धीरासाठी मागवताय.

मोठ्या, न फिरणाऱ्या निर्णयासाठी गॅरी क्लाइन यांची पद्धत वापरा. २००७ साली त्यांनी ती एका लेखात मांडली आणि ती अर्ध्या तासात होते. संबंधित पाच-सात जणांना बसवा आणि सांगा : ‘सहा महिने उलटलेत. हा निर्णय साफ फसला आहे. का फसला ते लिहा.’ फसेल का, असं विचारायचं नाही. फसला आहे, असं धरूनच चालायचं. दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग एकेकानं एकेक कारण वाचायचं. आधीच बोलून दाखवू दिलं तर पहिल्याच्या सुरात बाकीचे सूर मिसळतात, म्हणून लिहिणं आधी. आलेल्या कारणांतली वारंवार आलेली तीन निवडा, प्रत्येकाला एक माणूस आणि एक तारीख लावा. तुमची धूसर भीती आता कामांची यादी झालेली असेल. कारणं ऐकताना ‘असं होणार नाही’ म्हणून बचाव करायला लागलात तर मात्र तो अर्धा तास पाण्यात गेला.

प्रश्न : माझी उलटी अडचण आहे. मला कुणाची भीती वाटत नाही, पण टीम माझ्यासमोर तोंडच उघडत नाही. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि अडचण कळते ती डेडलाइनच्या दिवशी. माझं दार सगळ्यांना उघडं आहे हे दहा वेळा सांगून झालं. आणि खरं सांगू? थोडा धाक नसेल तर लोक काम करत नाहीत.

उत्तर : शेवटचं वाक्य पहिल्या तक्रारीचं कारण आहे. धाकानं हात चालतात, तोंड बंद होतं. वीट उचलायच्या कामात ते खपून जाईलही. ज्या कामात अडचण वेळेवर कळायला हवी तिथे धाक फार महाग पडतो.

किती महाग, ते विमानवाहतुकीला माहीत आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीचं विमान उड्डाणासाठी धावत होतं तेव्हा कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की पॅनॅम कंपनीचं दुसरं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना. कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा वैमानिक. त्यानं ठामपणे ती शंका मोडीत काढली आणि मग कुणी काही बोललं नाही. अपघाताला धुकं, रेडिओवरचा गोंधळ अशी इतरही कारणं होती. पण हा आणि असे काही अपघात बघून १९७९ साली नासानं एक कार्यशाळा घेतली, आणि त्यातून हाताखालच्याला शंका बोलायला आणि कॅप्टनला ती ऐकायला शिकवणारं प्रशिक्षण उभं राहिलं. दोन्ही बाजू शिकवाव्या लागल्या, हे लक्षात घ्या. नुसतं ‘बोला’ म्हणून भागलं नाही.

तुमचं दार उघडं आहे, पण त्या दारातून आत येण्याची सगळी जोखीम येणाऱ्याची. शिवाय लोक तुमचं वाक्य ऐकत नाहीत, मागच्या वेळी वाईट बातमी आणणाऱ्याचं काय झालं ते आठवतात. २००६ साली ॲलन मुलाली फोर्डचे प्रमुख झाले. त्यांच्या साप्ताहिक आढाव्यात प्रत्येक अधिकाऱ्यानं आपलं काम हिरवं, पिवळं की लाल ते दाखवायचं होतं. कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात, आणि तक्ते सगळे हिरवेगार! अखेर मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या अडचणीसाठी लाल दाखवला. खोलीत शांतता. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला मदत कोण करू शकतं? त्यानंतरच्या आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांतही रंग दिसायला लागले. टाळ्या महत्त्वाच्या नाहीत, पहिल्या लाल रंगानंतरची काही सेकंदं महत्त्वाची आहेत.

ती सेकंदं तुम्हाला आधी तयार करून ठेवावी लागतील, कारण त्या क्षणी जिभेवर येणारं वाक्य ठरलेलं असतं : ‘हे आधी का नाही सांगितलं?’ प्रश्न रास्त आहे, पण तो पुढच्या दहा जणांची तोंडं बंद करतो. त्याऐवजी आधी ‘सांगितलंस ते बरं झालं’, मग ‘आत्ता काय हवंय?’, आणि उशीर का झाला हे दुसऱ्या दिवशी, एकट्यात. ‘अडचण नको, उत्तर घेऊन या’ हे वाक्यही बंद करा. ज्याच्याकडे उत्तर नाही तो अडचण दडवून ठेवेल, आणि सगळ्यात मोठ्या अडचणींचीच उत्तरं एकट्याकडे नसतात.

मीटिंगमध्ये स्वतःचं मत सगळ्यात शेवटी द्या. ‘कुणाला काही शंका?’ या प्रश्नाला शांततेशिवाय उत्तर मिळत नाही. त्याऐवजी ‘या योजनेतली सगळ्यात कच्ची जागा कुठली? प्रत्येकानं एक सांगायची’ असं विचारा, आणि सुरुवात सगळ्यात नवीन माणसापासून करा. आठ-दहा सेकंद कुणी बोललं नाही तरी मध्ये पडू नका. पहिले तीन-चार आठवडे फुटकळ तक्रारी येतील : खुर्च्या, एसी, प्रिंटर. चिडू नका, लोक पाणी किती खोल आहे ते चाचपतायत. त्यातल्या एक-दोन लगेच सोडवा आणि सोडवल्याचं सांगा. निनावी पेटी ठेवायचा मोह होईल. थोड्या दिवसांसाठी ठीक, पण कायमची ठेवलीत तर उघड बोलणं धोक्याचं आहे हे तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं.

एक इशारा. हे सुरू केल्यावर नोंदवलेल्या चुकांची संख्या वाढेल आणि तुमचे वरिष्ठ विचारतील की तुमच्या हाताखाली बिघडलं काय. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना हेच दिसलं होतं. १९९६ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. चांगल्या नेतृत्वाखालच्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या, कारण तिथे परिचारिका चूक बोलून दाखवत होत्या. तेव्हा वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, आणि मोजायचंच असेल तर चूक घडल्यापासून तुमच्यापर्यंत पोहोचायला किती दिवस लागले ते मोजा.

यात ढिलाई नाही. प्रयत्नात झालेली चूक आणि जाणूनबुजून दडवलेली चूक यांना वेगळी वागणूक द्या, आणि ती वेगळी असेल हे आधी सांगा. दडवण्याला परिणाम असायलाच हवा. बाकी तुम्ही ‘मला भीती वाटत नाही’ असं लिहिलंय, त्यावर एक प्रश्न : टीमसमोर ‘मला हे माहीत नाही’ असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

प्रश्न : बढती मिळाली, पण सारखं वाटतं की मी या जागेच्या लायकीची नाही आणि एक दिवस सगळ्यांना ते कळेल. प्रत्येक ईमेल चार-चार वेळा वाचते.

उत्तर : पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ साली याच भावनेचं वर्णन केलं, तेही कर्तबगार स्त्रियांच्या अभ्यासातून. पुरुषांनाही ती होते. ती टिकते कशी ते बघा : तुम्ही चौपट तयारी करता, काम चांगलं होतं, आणि मन म्हणतं, चौपट तयारी केली म्हणून निभावलं. यशाची पावती दर वेळी तयारीच्या नावानं फाटते. म्हणून जास्त कौतुक गोळा करून उपयोग नाही, तयारी मुद्दाम कमी करून बघावी लागते. कमी जोखमीच्या ईमेलपासून सुरुवात करा : एकदा वाचा, पाठवा, दहा दिवस किती तक्रारी आल्या ते लिहून ठेवा. पैसे, करार, कुणाची नोकरी यांबद्दलची ईमेल चार वेळा वाचलीत तरी हरकत नाही. आणि एक शंका खरी असू शकते : नव्या जागेची काही कौशल्यं तुम्हाला अजून आली नसतील. ती वेगळी लिहून काढा. ‘बजेट वाचता येत नाही’ याला महिन्याभराचा अभ्यास पुरतो, ‘मी लायक नाही’ याला काहीच पुरत नाही.

प्रश्न : कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं ताठ उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि भीती जाते, हे खरं का?

उत्तर : संप्रेरकांचं नाही. २०१० सालचा मूळ प्रयोग अवघ्या ४२ जणांवर झाला होता. २०१५ साली २०० जणांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत फरक आढळला नाही, आणि मूळ लेखकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ साली त्या परिणामावर आपला विश्वास राहिला नसल्याचं जाहीर केलं. उभं राहून बरं वाटत असेल तर खुशाल राहा, तेवढीच ती गोष्ट. त्या दोन मिनिटांत पहिली तीन वाक्यं मोठ्यानं म्हणालात तर जास्त पदरात पडेल.

प्रश्न : मीटिंगपूर्वी घ्यायची एक गोळी मित्रानं सुचवली. त्याला तिनं फार फरक पडला म्हणतो. घ्यावी का?

उत्तर : मित्राची गोळी बहुधा प्रोप्रानोलोल असावी. ती हृदयाची धडधड आणि हाताची थरथर कमी करते, मनातल्या विचारांवर थेट काम करत नाही. दमा असलेल्यांना ती धोक्याची आहे. नाडी मंद असणारे, रक्तदाब कमी असणारे आणि मधुमेहाची औषधं घेणारे यांनाही त्रास होऊ शकतो. दुसऱ्याच्या पाकिटातून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा, आणि चालू असलेली सगळी औषधं त्यांना सांगा. त्यांनी लिहून दिलीच तर पहिली गोळी मीटिंगच्या दिवशी नको. त्यांच्याशी बोलून आधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, चक्कर येते का ते तेव्हा कळलेलं बरं.

भीतीमुळे रजा पडतायत, आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जेवण-भेटीगाठीही टाळल्या जातायत किंवा धीर यावा म्हणून दारू लागते आहे, तर मात्र गोळी आणि वरच्या पायऱ्या दोन्ही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना चार ओळी लिहून न्या : त्रास कधीपासून, कुठल्या प्रसंगात, तेव्हा शरीरात काय होतं, आणि त्यापायी काय-काय टाळता. पहिल्या भेटीत बोलताना नेमकी चौथी ओळ विसरली जाते.